वावर विकण्याआधी संचमान्यता बघा

पत्र: मुलगी बीएस्सी (गणित), बीएड, वय २६. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) दोनदा थोडक्यात हुकली. युवा कार्य प्रशिक्षण योजनेत जिल्हा परिषदेच्या शाळेत ११ महिने शिकवलं, आता मुदत संपली. तालुक्यातल्या एका अनुदानित संस्थेचे अध्यक्ष १८ लाख मागतात. दोन वर्षं बिनपगारी काम, मग मान्यता काढून देऊ म्हणतात. संस्था अल्पसंख्याक नाही. सव्वा एकर वावर विकायची तयारी आहे. शिक्षक कमी आहेत, एकदा चिकटली की कायम होईल, स्थळंही चांगली येतील. तिला अजून सांगितलेलं नाही. — एक पालक, जि. परभणी

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रातलं ‘तिला अजून सांगितलेलं नाही’ हे वाक्य वाचून मी थांबलो. टीईटीत थोडे मार्क कमी पडले, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. पण ज्या मुलीच्या नावावर हा व्यवहार होणार, तिलाच तो माहीत नाही. उद्या घरची जमीन आपल्यापायी गेली हे तिला कळेल, आणि मग दोन वर्षं पगार नसला, वर्गाबाहेरची कामं अंगावर पडली, तरी ‘मला हे सोडायचंय’ म्हणायला तिचं तोंड उघडणार नाही. तुम्ही हे मायेपोटीच करताय यात शंका नाही. तरी ओझं तिच्याच डोक्यावर येणार आहे. पत्रात स्थळांचा उल्लेख आहे. तिला शिकवायला आवडतं का, याबद्दल एक ओळ नाही. आज संध्याकाळी तिला समोर बसवून सगळं सांगा.

आता त्या १८ लाखांचं. पैसे देऊ नका. नोकरीसाठी पैसे देणं हा गुन्हा आहेच, पण त्या पैशातून मिळतं काय तेही पाहा. अध्यक्षांच्या सहीचा नेमणूक आदेश म्हणजे पगार नव्हे. आधी संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शाळेला किती पदं ते ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, पद लागतं, तेही ३० सप्टेंबरच्या पटावर. मग बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची यादी) तपासून जाहिरात, शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून आलेला उमेदवार, शिक्षणाधिकाऱ्यांची त्या उमेदवाराच्या नावाने वैयक्तिक मान्यता आणि शेवटी शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगार प्रणालीतला क्रमांक. यातली एक कडी तुटली तरी पगार निघत नाही. मुलाखतीसह भरती असली तरी संस्थेला निवड पोर्टलने पाठवलेल्या नावांतूनच करावी लागते. तुमची मुलगी त्या यादीत नाही. पद सहावी ते आठवीचं असेल तर टीईटीशिवाय मान्यताच मिळणार नाही. बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण २०२५ मध्ये नागपुरात उघडकीला आलं. असे आयडी पुढे पडताळणीत सापडतात, तेव्हा अडकतो तो पगार घेणारा शिक्षक.

अध्यक्षांकडे या वर्षीची संचमान्यता मागा. दाखवली नाही तर तुम्हाला उत्तर मिळालं. माहितीच्या अधिकारात शिक्षणाधिकारी कार्यालयाकडूनही ती मिळते, अर्जाला १० रुपये लागतात.

‘शिक्षक कमी आहेत, चिकटली की कायम होईल’ हा समज मात्र मुळातून काढायला हवा. तुटवडा आहे तो भरलेल्या पदांचा. डीएड-बीएड झालेली मुलं घरी बसली आहेत, आणि रिकाम्या वर्गावर तासिका तत्त्वावरचा, रोजंदारीवरचा किंवा प्रशिक्षणार्थी माणूस उभा केला जातो. जुलै २०२३ मध्ये तर निवृत्त शिक्षकांना वयाच्या सत्तरीपर्यंत, २० हजार मानधनावर घ्यायचं ठरलं. या सगळ्या सोयी मुदतीच्याच असतात. पदवीधर प्रशिक्षणार्थीला १० हजार विद्यावेतन मिळतं, पण ते प्रशिक्षण धरलं जातं. त्यातून कायम नेमणुकीचा हक्क निर्माण होत नाही. तिला विचारा, ११ महिने सही कुठे करत होती? शिक्षकांच्या हजेरीपटावर, की वेगळ्या कागदावर? २०२५ मध्ये नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांतल्या रोजंदारी शिक्षक-कर्मचाऱ्यांनी बिऱ्हाड आंदोलन केलं. वर्षानुवर्षं शिकवलेली माणसं होती ती, आणि त्यांच्या जागी बाह्यस्रोताने भरती निघाली होती.

तिने शिकवलेले ११ महिने वाया गेले असं मात्र मी म्हणणार नाही. वर्ग सांभाळणं ती शिकली, खासगी शाळेच्या मुलाखतीत ते दिसेल.

परीक्षांचं थोडक्यात: टीईटीचा पेपर दोन १५० गुणांचा, खुल्या गटाला ९० लागतात, एकदा उत्तीर्ण झालं की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. केंद्रीय विद्यालयांसाठी सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटीही द्यावी. पहिली ते पाचवीकडे बघू नका, ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे बीएड चालत नाही.

गुण कुठे जातात ते आधी शोधा. पेपर दोनमध्ये गणित-विज्ञानाला ६० गुण आहेत, ते तिचं घरचं मैदान. उरलेले ९० बालमानसशास्त्र आणि दोन भाषांचे, प्रत्येकी ३०. गणिताची मुलं बहुधा इथेच गळतात, कारण व्याकरण नि उताऱ्यांचा सराव करतच नाहीत. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. टेट, म्हणजे शिक्षकभरतीसाठीची अभियोग्यता परीक्षा, तिचं वेगळं: २०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. तिथे ज्ञानापेक्षा वेग कमी पडतो, त्यामुळे आजपासून रोज घड्याळ लावून ५० प्रश्न, अर्ध्या तासात. ही परीक्षा २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. तारखेची वाट बघत बसणं परवडणारं नाही. नववी-दहावीच्या पदाला टीईटी लागत नाही, टेट लागते, हे तिला नक्की सांगा.

तोवर पगार देणाऱ्या शाळेत गणित शिकवू दे, नेमणूकपत्र घेऊन आणि पगार बँकेतून. सरकारी निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावरच जातात: प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार. घरचा हिशोब त्यावर मांडा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.