"मॅडम, हिचं हे पर्यावरणाचं वेड जरा कमी करा ना"

मी समुपदेशक आहे आणि हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत बऱ्याच पालकांकडून ऐकलंय, शब्द थोडे इकडेतिकडे. कुणाचा मुलगा नळ ठिबकताना दिसला की अख्खं घर डोक्यावर घेतो, कुणाची मुलगी वाढदिवसाला फुगे लावले म्हणून रडत बसते, आणि आईबाबांना समजत नाही की याचं कौतुक करायचं की काळजी. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत आणि तिला व तिच्या आईला विचारूनच लिहितेय.

अकरावीतली मुलगी. पहिल्या दिवशी आईच बोलत होती, ही मान खाली घालून बसलेली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर जंगलं जळाल्याच्या नाहीतर बर्फ वितळल्याच्या बातम्या बघते, झोपायच्या आधी घरातले सगळे नळ पाच-सहा वेळा जाऊन तपासते, मैत्रिणींच्या ट्रिपला गेली नाही कारण काय तर बसचा धूर, आणि परवा आईने भाजी प्लास्टिकच्या पिशवीतून आणली म्हणून ती भाजी पानात घेतलीच नाही. "आधी किती हसरी होती हो," एवढं बोलून आई गप्प झाली.

मग मुलीने दप्तरातून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. रकाने आखलेले, पट्टीने. आंघोळीला किती पाणी, पंखा किती तास, प्लास्टिकची किती पाकिटं, गाडीने किती किलोमीटर. ठरवल्यापेक्षा जास्त झालं की लाल पेनने गोल. मी पानं उलटत गेले, पुढेपुढे तर सगळी पानं लालच होती.

इथे मी एक चूक केली आणि ती सांगायलाच हवी, कारण बहुतेक पालकही नेमकी तीच करतात. मी म्हटलं, "अगं, तू एकटीने पंखा बंद केलास म्हणून जग थोडंच बदलणारे, एवढं नको मनाला लावून घेऊस." मला धीर द्यायचा होता. तिने वही मिटली, दप्तरात ठेवली आणि पुढची वीस मिनिटं फक्त "हं" एवढंच. खूप नंतर तिने सांगितलं की त्या क्षणी तिला वाटलं, या पण त्यातल्याच.

कारण तिला जे वाटत होतं ते खोटं नव्हतंच ना. हवाई बेटावरच्या मौना लोआ इथे १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात, तेव्हा तो दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता आणि आता ४२० च्या वर गेलाय, हे तिला पाठ होतं, मलाच तिने समजावून सांगितलं. ज्याला खरी गोष्ट दिसतेय त्याला "तिकडे बघू नकोस" म्हटलं की भीती तेवढीच राहते, वर तो एकटा पडतो. आणि एकटा पडलेला मुलगा रात्री दोन वाजता मोबाईलच उघडणार, दुसरं काय करणार?

आईला मी वेगळं भेटले. त्यांचा प्रश्न सरळ होता, हा आजार आहे का? मी त्यांना एका मोठ्या पाहणीबद्दल सांगितलं. २०२१ मध्ये लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ या नियतकालिकात ती छापून आली, दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांना विचारलं होतं, भारतही त्यात होता. हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं ५९ टक्के मुलांनी सांगितलं आणि या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो असं म्हणणारी मुलं ४५ टक्क्यांहून जास्त होती. म्हणजे काळजी वाटणं हा आजार नाही. पण झोप गेली, जेवण सुटलं, अभ्यास आणि मित्र तुटले, तीच तीच गोष्ट तपासल्याशिवाय चैन पडेना, आणि असं काही आठवडे चाललं, तर मदत घ्यायचीच. आणि एक गोष्ट मी पहिल्याच भेटीत मुलांना स्पष्ट विचारते, हिलाही विचारलं होतं: आपण नसतो तर पृथ्वीवरचा तेवढाच भार कमी झाला असता, असं कधी मनात येतं का? आदर्श विचार वाटतो ऐकायला, पण असं वाक्य घरात कुणाच्या तोंडून आलं तर वाट बघू नका, त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. हिच्या मनात तसं नव्हतं, तेवढा माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या भेटीत मी आधी माफी मागितली. मग विचारलं, हे सगळं सुरू कुठून झालं? मला वाटलं एखादा व्हिडिओ किंवा शाळेतला धडा सांगेल.

ती म्हणाली, "बदाम."

तिच्या खोलीच्या खिडकीबाहेर बदामाचं झाड आहे, ते रुंद पानांचं, ज्याची पानं गळायच्या आधी लाल होतात. आजोबा आजारी होते तेव्हा ही सहा-सात वर्षांची, रोज खाली जाऊन सगळ्यात लाल पान शोधायची आणि त्यांच्या उशाशी ठेवायची. आजोबा गेले पण पानं गोळा करणं चालू राहिलं. कुठल्या फांदीला पालवी आधी फुटते, खार कुठून चढते, पावसाचा पहिला आवाज पानांवर कसा येतो, हे सगळं ती मला सांगत होती आणि मी पहिल्यांदाच तिचा चेहरा वर आलेला बघत होते.

मी विचारलं, "आता कसंय झाड?"

ती थांबली. बराच वेळ. "माहीत नाही. खिडकी उघडत नाही मी. खाली गाड्या सुरू असतात, ते बघितलं की हिशोब सुरू होतो डोक्यात."

मला जे समजायचं होतं ते इथे समजलं. त्या अख्ख्या वहीत झाड कुठेच नव्हतं. लिटर होते, तास होते, किलोमीटर होते. ज्या जिव्हाळ्यातून हे सगळं उगवलं तोच हिशोबाखाली दबून गेला होता, आणि खालचा ओलावा गेल्यावर उरते ती नुसती भीती. भीतीवर माणूस महिनाभर धावू शकतो, आयुष्यभर नाही. मला तिचं "वेड" कमी करायचंच नव्हतं, मला ती खिडकी उघडायची होती.

याला अभ्यासाचाही आधार आहे. इंग्लंडमधल्या डर्बी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलं की माणसाचं निसर्गाशी नातं जुळतं ते स्पर्श-वास-आवाज अशा थेट अनुभवातून, सौंदर्य जाणवण्यातून, भावनेतून, निसर्गात अर्थ सापडण्यातून आणि करुणेतून. नुसती माहिती वाढवल्याने ते नातं जुळत नाही. आपण मुलांना पर्यावरण शिकवतो म्हणजे बहुतेक वेळा काय करतो, तर माहिती देतो आणि वर घाबरवतो. माझं स्पष्ट मत आहे की आपण त्यांना उलट्या टोकाकडून आत ढकलतोय.

तर आम्ही काय केलं. वही फेकायला मी सांगितलं नाही, ती तिची होती. डाव्या पानावर हिशोब राहू दे म्हटलं, पण उजव्या पानावर रोज एक वाक्य, आज झाडावर काय दिसलं. दहा मिनिटं खिडकीत किंवा झाडाखाली, मोबाईल आत. मोजायचं काहीही नाही, फांद्यासुद्धा मोजायच्या नाहीत (तिने खरंच विचारलं होतं मोजू का म्हणून). पहिला आठवडा उजवी पानं कोरी. मग एक दिवस "मुंग्या." नुसतं एवढंच. मग "मुंग्या आज वरून खाली येत होत्या."

नळाचं वेगळं प्रकरण होतं. मी विचारलं, पहिल्या फेरीत सगळे नळ बंद दिसले तर दुसरी फेरी कशासाठी? तिने खूप प्रामाणिक उत्तर दिलं, "दुसऱ्यांदा जाताना पाण्याचा विचार नसतो मॅडम, छातीत धडधडतं ते थांबावं म्हणून जाते." म्हणजे पहिली फेरी पाण्यासाठी, बाकीच्या भीतीसाठी. हे तिचं तिलाच बोलताना उमगलं आणि माझ्या मते अर्धं काम तिथे झालं. असं वारंवार तपासणं कधीकधी ओसीडीचं, म्हणजे तीच तीच कृती केल्याशिवाय चैन न पडण्याच्या आजाराचं, लक्षण असतं, म्हणून मी तिला मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं. औषधाची गरज सध्या नाही असं त्यांनी सांगितलं, मग आम्ही एकेक फेरी कमी करत गेलो, धडधड होऊ द्यायची आणि अंथरुणातच थांबायचं, ती आपोआप उतरते. सोपं नव्हतं. मधे एकदा परत सहावर गेली, परीक्षेच्या आठवड्यात.

आणि अपराधीपणाबद्दल बोललो, ते तर बोलायलाच हवं होतं. प्रत्येकाने आपापला कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या जगण्यामुळे हवेत किती कार्बन जातो तो हिशोब, मोजावा ही कल्पना घराघरात पोचवण्यात २००४-०५ च्या सुमाराला एका बड्या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, हे ऐकून ती चक्क चिडली. मला ती चीड आवडली, आतापर्यंत तिचा सगळा राग स्वतःवर आणि आईवर निघत होता. मग मी ओझोनची गोष्ट काढली. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थरातलं छिद्र जगासमोर आलं, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, पुढे जगातले सगळे देश त्यात आले, फ्रीज आणि स्प्रेमधले ते घातक वायू बंद होत गेले आणि आता तो थर हळूहळू भरून येतोय. हे कुणी एकटीने लाल पेन घेऊन केलेलं नाही, शास्त्रज्ञ बोलले, लोकांनी दबाव आणला, सरकारांनी नियम केले. तुझा पंखा महत्त्वाचा आहे गं, पण अख्खी पृथ्वी तुझ्या पंख्यावर टांगलेली नाही, असं मी म्हटलं आणि यावेळी तिने वही मिटली नाही.

घरी तिने आणि आईने मिळून तीन गोष्टी ठरवल्या ज्या घरात पक्क्या पाळायच्या: कापडी पिशवी, ओला कचरा वेगळा, जवळ जायचं तर चालत. बाकी गोष्टींवरून एकमेकींना बोलायचं नाही. आई म्हणाल्या, मला इतके दिवस वाटायचं ही मला नापास करतेय. मुलांनी हे वाचलं तर एवढं लक्षात घ्या, घरचे ओरडल्याने बदलत नाहीत, तुमच्यासोबत काहीतरी बघायला लागले की बदलतात.

दोनेक महिन्यांनी उजव्या पानावर "टुक टुक आवाज" असं आलं. मग चार दिवस फक्त तोच आवाज, कुठून येतो कळेना. मग "सापडला!! तांबट. कपाळावर लाल. वाळक्या फांदीत भोक पाडतोय." तांबट पक्षी वाळलेल्या लाकडातच ढोली कोरतो आणि नेमकी तीच फांदी धोकादायक म्हणून इमारतीतल्या लोकांनी तोडायची ठरवली होती. आधीची ही असती तर रात्रभर रडली असती आणि सकाळी कुणाशी बोलली नसती. आता ती आईला घेऊन खाली गेली. लोकांचंही खोटं नव्हतं, फांदी खरंच गाड्यांवर आलेली. बरीच बोलाचाली झाली, एक काका तर वैतागलेच, पण ठरलं असं की पिल्लं उडून जाईपर्यंत खाली गाड्या लावायच्या नाहीत, दोरी बांधायची, आणि नंतरही ढोलीपुढचं लांब टोक तेवढंच कापायचं. सगळं तिच्या मनासारखं झालं नाही. डावीकडची एक चांगली हिरवी फांदीही गेली त्यात, त्याचं तिला वाईट वाटलं, ते तिने उजव्या पानावर लिहिलं आणि त्या रात्री झोपली.

डावीकडचे रकाने कधी बंद झाले ते तिलाही नीट सांगता येत नाही. ट्रिपला ती गेली, बसनेच, खिडकीशी बसून.

शेवटच्या भेटीत आई बाहेर बसल्या होत्या. मी तिला विचारलं, नळ?

"एकदा बघते," ती म्हणाली. "पाण्यासाठी."