खोली दाखवायची, पण आमच्या सोयीनं

प्रश्न: आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात दोन खोल्या भाड्यानं राहतो, मी नर्स आहे. बदली झाली म्हणून जूनअखेर खोल्या सोडतो असं घरमालक काकाजींना सांगितलं, तेव्हापासून ते केव्हाही लोक घेऊन येतात. परवा मी नाइट करून कूलरसमोर झोपली होती तर सहा जण आत, एक बाई तर स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहून आली. त्याआधी मी ड्युटीवर असताना दुसऱ्या चावीनं कुलूप उघडलं. आणि बोअरचं पाणी खारं आहे हे मी खरं सांगितलं तर काकाजी आता बोलतच नाहीत. नाही म्हणता येतं का?

उत्तर: ताई, साफ नाही म्हणू नका. घर त्यांचं आहे, जुलैचं भाडं बुडू नये म्हणून त्यांची धावपळ चाललीय. पण जूनअखेरपर्यंत भाडं तुम्ही देताय ना, मग तोवर तुमचा संसार उघडा पाडायचा हक्क त्यांना नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २८, त्यात मालकाला घराची पाहणी करता येते, पण आधी कळवून आणि योग्य वेळी. तो कायदा सरसकट सगळ्या खेड्यांना लागू नाही हेही खरं, आणि तसंही गावात कलम दाखवलं की बोलणंच संपतं.

त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर लिहून टाका, "काकाजी, बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी ५ ते ७ मी घरी आहे, आदल्या दिवशी फोन करा, दोघा-तिघांनाच आणा." लिहिलेलं राहतं.

चावीचं मात्र खपवून घेऊ नका. कडीला आपलं स्वतःचं कुलूप लावा.

पाण्याचं म्हणाल तर खारपाणपट्ट्यात माणूस पाणी विचारल्याशिवाय खोली घेत नाही, तुम्ही लपवलं असतं तरी शेजारणीनं नळावर सांगितलंच असतं! विचारलं तर खरं सांगा, स्वतःहून विषय काढू नका, बाकी काकाजींना बोलू द्या.

आणि हो, लोक येऊन गेले की खिडकीची काच, नळाची तोटी पाहून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, नाहीतर डिपॉझिट परत घ्यायच्या दिवशी ती फुटलेली काच तुमच्याच नावावर लागते.