जादा इंधन

प्रिय मुली,

परवा तू गेलीस आणि तुझा हिशेबाचा कागद इथेच राहिला. आखलेले रकाने, निळी शाई, तळाशी लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलेली बेरीज. फ्लाइंग स्कूलची फी, परीक्षा, तासांचे पैसे, टाइप रेटिंग म्हणजे एका जातीचं विमान उडवायची परवानगी. मग एक बाण, आणि बाणापुढे 'पहिला पगार'. दोन दिवस तो कागद माझ्या चष्म्याच्या डबीखाली आहे. येता-जाता बघतो आणि चिडतो. त्या एवढ्याशा बाणात माझ्या ओळखीच्या पोरांची दोन-दोन वर्षं गेली आहेत.

'अजून वैमानिकाच्या नोकरीत अर्थ राहिलाय का?' असं तू विचारलंस आणि मी ढगांच्या गप्पा मारत बसलो. म्हातारपणाची खोड. उत्तर असं आहे: अर्थ आहे, पण जादा इंधन घेऊन निघणाऱ्यालाच. बाकी काही विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस. पुढेही मी तेच सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

विमानात टाकी भरून निघत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. प्रवासाला लागेल तेवढं, त्यावर साधारण पाच टक्के, मग उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि जेटसाठी दीड हजार फुटांवर तीस मिनिटं घिरट्या घालता येतील असा शेवटचा राखीव साठा. त्या साठ्याला हात लागणार असं दिसलं की 'मेडे फ्युएल', म्हणजे इंधनाची आणीबाणी, असं म्हणायचं, लाजायचं नाही. हे सगळं नियमाचं. याच्या वर जे घ्यायचं ते कॅप्टनच्या मर्जीचं. ते 'एक्स्ट्रा' कंपन्यांना आवडत नाही, आणि त्यांचंही खोटं नाही. वजन वाहायला इंधन जळतं. जादा घेतलेल्यातलं तीन-चार टक्के तासागणिक नुसतं ते वाहण्यात संपतं. मी आयुष्यभर घेत आलो. आमच्या कंपनीने एकदा सगळ्या कॅप्टनांचा तक्ता काढला, त्यात माझी ओळ सगळ्यात वर होती आणि सोबत एक गोड भाषेतलं पत्र.

त्या पत्रानंतरच्या आठवड्यात मी एक्स्ट्रा घेतलं नाही. एकदाच. रुसलो होतो म्हण.

रात्र होती, खाली धुकं. आमच्यापुढे होल्डिंगमध्ये, म्हणजे उतरायची वाट बघत घिरट्या घालत, सहा विमानं. दुसऱ्या विमानतळावर जायला चौदाशे किलो हवं होतं आणि शेवटचा साठा साडेअकराशे, म्हणजे पंचवीसशे पन्नासला निघायलाच हवं. नियंत्रक म्हणाला, दहा मिनिटांत धुकं विरळ होईल. मग आणखी दहा. माझी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. काही बोलली नाही. पेनचं टोपण काढून तिने स्क्रीनवरच्या इंधनाच्या आकड्याखाली टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. 2,600. वळलो. पन्नास किलो म्हणजे त्या विमानाला जेमतेम सव्वा मिनिट. त्या सव्वा मिनिटात माझ्या डोक्यात प्रवासी नव्हते, ते पत्र होतं. ज्याच्या टाकीत पर्याय उरत नाही त्याच्या कानाला फक्त सोयीचं ऐकू येतं. 'दहा मिनिटांत विरळ होईल' हे मला खरं वाटत होतं, कारण ते खरं असण्याची मला गरज होती.

25 जानेवारी 1990 ला कोलंबियाच्या एव्हिएन्का कंपनीचं बोइंग 707 न्यूयॉर्कजवळ कोसळलं, 73 माणसं गेली. तासाभराहून अधिक होल्डिंग झालं होतं. टाक्या कोरड्या होत आल्या होत्या, तरी 'इमर्जन्सी' हा शब्द नियंत्रकापर्यंत पोचलाच नाही. मी त्या अपघाताचा अहवाल दर दोन-तीन वर्षांनी काढून वाचायचो. वेडेपणा म्हण.

आता तुझ्या कागदाकडे ये. तुझ्या हिशेबात होल्डिंग कुठे आहे? लायसन्स हातात आलं की कोणी दारात उभं नसतं. दोन-अडीचशे तासांचा वैमानिक म्हणजे बाजाराच्या भाषेत कच्चा माल. काही देशांत त्यालाच थेट जेटच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीत घेतात. अमेरिकेत 2013 पासून सर्वसाधारण वाटेने यायचं तर पंधराशे तास भरल्याशिवाय एअरलाइनच्या खुर्चीत बसता येत नाही. तोवर लायसन्स जिवंत ठेवायचं, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उडायच्या परवानगीची, मुदत सांभाळायची, हात गंजू द्यायचा नाही, आणि या प्रत्येक गोष्टीला पैसे पडतात. बाण नाही गं तो. तो सगळ्यात मोठा रकाना आहे.

आणि ही नोकरी लाटांवर चालते. भरती असते तेव्हा सगळे म्हणतात वैमानिक कमी पडताहेत, शिकवणारे जरा जास्तच मोठ्याने म्हणतात. शिकून बाहेर पडेपर्यंत ओहोटी लागते. 2001 ला लागली, 2008 ला लागली. 2019 मध्ये जगभरात साडेचार अब्ज प्रवासी उडाले आणि 2020 मध्ये 1.8 अब्ज. त्या वर्षी माझ्या हाताखाली शिकलेली मुलं घरोघर पार्सलं पोचवत होती. त्यात कमीपणा काहीच नाही. पण ज्यांनी आई-बापाचं घर गहाण ठेवलं होतं त्यांचे फोन रात्री अकरानंतर यायचे, आणि ज्यांनी ठेवलं नव्हतं त्यांचे दुपारी. हा फरक मी कानाने ऐकलाय.

यंत्रांचं तू विचारलंस. 'तुमच्यावेळी ठीक होतं, आता विमान आपलं आपण उडतं,' असं कोणीतरी तुला सांगितलंय. 'आता' कशाला? प्रवासी बसलेलं विमान पहिल्यांदा यंत्राने धावपट्टीला टेकवलं ते 1965 साली. 2020 मध्ये एअरबसने चाचणीच्या विमानात टॅक्सी, टेक-ऑफ, लँडिंग सगळं कॅमेऱ्यांच्या डोळ्यांनी करून दाखवलं. हात चालवायला माणूस लागतो असं मी म्हणणारच नाही. माणूस लागतो तो 'नको, परत फिरू' म्हणायला. लांब पल्ल्याच्या विमानात कधीकाळी पाच जण बसायचे: दोन वैमानिक, नॅव्हिगेटर, रेडिओवाला, फ्लाइट इंजिनिअर. तिघं गेले. चौथाही जाईल का? कंपन्यांना ते हवंय. युरोपच्या विमानसुरक्षा यंत्रणेने त्याचा अभ्यास केला आणि सध्या तरी तितकीच सुरक्षितता सिद्ध करता येत नाही असं म्हटलं. 'सध्या तरी' हे शब्द मीही वाचलेत. तुझ्यापुढे वयाच्या पासष्टीपर्यंत चाळीसेक वर्षं आहेत. तेवढ्यात काय होईल ते मी छातीठोक सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्याकडून काही विकत घेऊ नकोस.

फ्लाइट इंजिनिअरची मात्र एक गोष्ट सांगतो. आमच्या मागे, बाजूच्या भिंतीकडे तोंड करून एक जण बसायचे. समोर गेजांची भिंत. तर्जनीच्या नखाने काचेवर टिचकी मारून बघायचे काटा हलतो का ते. खुर्ची जाणार हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं. ले-ओव्हरमध्ये, दोन उड्डाणांमधल्या मुक्कामात, आम्ही फिरायला जायचो आणि ते खोलीत बसून जमिनीवरच्या देखभाल इंजिनिअरच्या परीक्षेचा अभ्यास करायचे. आम्ही हसलो, मी सगळ्यात जास्त. खुर्ची गेली तेव्हा ते महिन्याभरात हँगरमध्ये रुजू झाले. निवृत्तीपर्यंत त्यांच्या सहीशिवाय आमचं विमान हलत नव्हतं. जादा इंधन म्हणजे हे.

आणि माझं काय? विमानात टनभर जादा घेणाऱ्या माणसाने घरी थेंबभर ठेवलं नव्हतं. पदवी अर्धवट सोडलेली, दुसरं काही येत नाही, सगळे हप्ते एका पगारावर. एक्कावन्नाव्या वर्षी छातीत धडधड सुरू झाली, अधूनमधून, बहुधा पहाटेच्या ड्युटीला. मी चार महिने कोणाला सांगितलं नाही. ज्या माणसाने शेकडो पोरांना 'शंका आली की तोंड उघडा' असं शिकवलं, तो चार महिने गप्प बसला, कारण मेडिकल, म्हणजे उडायला तंदुरुस्त असल्याचं सर्टिफिकेट, गेलं तर उतरायला दुसरी धावपट्टीच नव्हती. वार्षिक तपासणीत ईसीजीनेच चोरी पकडली. चौदा महिने घरी. नंतर परत उडलो, पण शेरा मारलेल्या सर्टिफिकेटवर.

त्या चार महिन्यांत एकही चूक केली नाही मी. सिम्युलेटरची सहामाही तपासणी त्यातच झाली, परीक्षकाने 'उत्तम' लिहिलं. शिवाय शेजारी दुसरा वैमानिक असतोच... असो. कोणाला पटवतोय मी? तुझ्यासमोर नाही, त्या टोपण धरलेल्या मुलीसमोर हे बोलून दाखवायची माझी हिंमत नाही.

म्हणून तू 'पगार किती, किती वर्षांत कॅप्टन' विचारलंस तेव्हा मी उत्तर दिलं नाही. ते ज्या त्या कंपनीवर, ज्या त्या वर्षावर आणि सिनियॉरिटीच्या यादीत तू कुठे बसतेस त्यावर असतं. कंपनी बदललीस की बहुतेक ठिकाणी त्या यादीत पुन्हा तळाला, हेही लक्षात घे.

आता काय करायचं ते. एक पैसाही भरण्याआधी क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाची तपासणी, करून घे. तरुण आहे, धडधाकट आहे, हे मला सांगू नकोस. रंग ओळखण्यात किंचित फरक असलेली मुलं मी फी भरल्यानंतर रडताना पाहिली आहेत. फी एकदम भरू नकोस, सूट कितीही देऊ देत. फ्लाइंग स्कूल बुडतात आणि बुडताना पावत्या परत करत नाहीत. पदवी पुरी कर. हो, ते दीड वर्ष 'वाया' जाईल आणि तुझ्या वर्गातली ती मुलगी तुझ्याआधी फर्स्ट ऑफिसर होईल. होऊ दे. तुला आकडेमोड आवडते, त्यातलंच काहीतरी पोटापुरतं हाताशी ठेव आणि ते गंजू देऊ नकोस.

हे सगळं करून उडावंसं वाटलं तर ऊड. पहाटे ढगांच्या थरातून वर येताना समोर एकदम उजेड होतो, त्याबद्दल मी लिहिणार नाही. ते तुला माझ्याकडून ऐकायचं नव्हतं, आणि ते माहीत असल्याशिवाय तू असला कागद आखला नसतास.

तो कागद परत पाठवतोय. बाण खोडून तिथे एक रकाना आखलाय, चोवीस महिन्यांचा. आकडा तू भर. बेरीज घर गहाण ठेवल्याशिवाय जमत नसेल तर वर्षभर थांब, आणि वडिलांना सांग, घराची कागदपत्रं कपाटात परत ठेवा. रागावले तर माझा नंबर दे. मेडिकलची तारीख ठरली की कळव. आदल्या रात्री नीट झोप, आणि डॉक्टर विचारतील ते खरं सांग.

तुझा,
काका