रात्री जागणारी सून

प्रश्न : मी नाशिकला गंगापूर रोडवर सासरी राहते. माझे अनुवादाचे काम रात्री अकरा ते एक या वेळात सर्वांत नेटके होते. दीडला झोपून मी साडेआठला उठते. सासूबाई पाचला उठून सडा-रांगोळी करतात आणि आल्यागेल्यासमोर माझा उल्लेख ‘आमच्या सूर्यवंशी’ असा करतात. गजर लावून पाचला उठले, तर दिवसभर डोके जड राहते. हा आळस म्हणावा का?

उत्तर : आळस म्हणता येणार नाही. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते आणि तेवढीच आपण घेता. पाचला उठलात, तर ती साडेतीन तासांवर येते, मग डोके जड होणारच. झोपेची वेळ ठरवणाऱ्या जैविक घड्याळाचा कल बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते, हे उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. विशीच्या आसपास हा कल सर्वाधिक उशिराकडे असतो आणि उतारवयात पहाटेकडे सरकतो. त्यामुळे सासूबाईंच्या लवकर उठण्यात शिस्तीबरोबर वयाचाही वाटा असावा. (हे त्यांना ऐकवायलाच हवे असे नाही.)

पाचाचा आग्रह तर परंपरेलाही नेहमी धरून नसतो. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी सुरू होतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची असून नाशिक त्याच्या बरेच पश्चिमेला असल्याने जानेवारीत येथे सूर्योदय सातनंतर होतो, म्हणजे मुहूर्त साडेपाचनंतर लागतो. शिवाय घड्याळ अलीकडे आणायचे, तर खरे साधन उजेड आहे. अंधारात उठून ट्यूबलाइटखाली बसण्यापेक्षा उठल्याबरोबर अर्धा तास गच्चीवर उजेडात घालवणे अधिक उपयोगी. झोपण्याची आणि उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे घ्यावी, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी आणि रविवारीही उठण्याची वेळ फार लांबवू नये. साडेसातपर्यंत आलात, तरी पुष्कळ झाले.

सकाळच्या कामांचा प्रश्न मात्र झोपेपासून वेगळा काढावा, कारण टोमण्यामागे बहुधा तोच असतो. रात्रीची झाकपाक, विरजण, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून ठेवणे ही कामे आपण उघडपणे अंगावर घ्यावीत. आपले यजमान किती वाजता उठतात, हे पत्रात आलेले नाही. सकाळच्या चहाचे आधण त्यांनाही ठेवता येईल.