औषध असूनही गरीब देशांतला टीबी संपत का नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. टीबीवर इतक्या वर्षांपासून खात्रीचं औषध आहे, तरी विकसनशील देशांतून तो जात का नाही? आणि रुग्णांना बरे होईपर्यंत घरच्यांपासून लांब ठेवलं, त्यांची भांडीकुंडी वेगळी केली, तर प्रसार थांबणार नाही का? आधी दुसरा प्रश्न घेते, कारण पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

लांब ठेवण्याचा प्रयोग होऊन गेलाय. एके काळी टीबी म्हटलं की सॅनिटोरियम, म्हणजे टीबीच्या रुग्णांना दीर्घकाळ ठेवून घेणारं रुग्णालय, असंच होतं. पण गरीब देशांत रुग्ण लाखांनी आणि खाटा हजारांनी. म्हणून १९५६ साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. रुग्णांचे दोन गट केले, एकाला सॅनिटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला घरीच, औषधं दोघांना तीच. घरचे रुग्ण दाटीवाटीच्या खोल्यांत राहत होते, त्यांचं खाणंही सॅनिटोरियमपेक्षा हलकं होतं. तरी वर्षअखेरीस दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. पुढे काही वर्षं घरच्या माणसांवरही लक्ष ठेवलं गेलं, आणि रुग्ण घरी राहिल्यामुळे त्यांच्यात टीबी वाढल्याचं काही दिसलं नाही. कारण साधं आहे: लागू पडणारं औषध सुरू झालं की संसर्ग पसरवण्याची ताकद झपाट्याने घटते, आणि ज्यांना लागण व्हायची त्यांना बहुतेक वेळा निदानाआधीच झालेली असते.

म्हणजे गोळ्या घेणाऱ्या माणसाला आपण घाबरतो, पण खरा प्रसार करतो तो ज्याला आपल्याला टीबी आहे हेच माहीत नाही तो. थुंकीत जंतू असलेला एक रुग्ण उपचाराविना राहिला, तर वर्षभरात साधारण १० ते १५ जणांना संसर्ग देतो असा जुना अंदाज आहे. आणि २०२३ साली जगात १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला असावा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, निदान होऊन नोंद मात्र ८२ लाखांचीच झाली. मधले पंचवीस लाखांहून जास्त लोक खोकत होते, पण कुठल्याच नोंदवहीत नव्हते.

हा उशीर कसा होतो ते मी जवळून पाहिलंय. काही वर्षं मी थुंकी तपासणीचं काम केलं. खोकला किती दिवसांपासून आहे असं विचारलं की 'असेल दोन-तीन महिने' हे नेहमीचं उत्तर. त्या दोन-तीन महिन्यांत खोकल्याच्या दोन-तीन बाटल्या, एखादा अँटिबायोटिकचा कोर्स, मग दुसरा डॉक्टर. त्यातली काही अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूंनाही थोडं दाबतात, त्यामुळे माणसाला दोन आठवडे बरं वाटतं आणि निदान आणखी लांबतं. पुढे आमच्यापर्यंत येऊनही पुष्कळांनी डबीत नुसती लाळ दिलेली असायची. छातीतून खाकरून काढलेला बेडका हवा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं. स्लाइडवर निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या शोधायच्या, पण एका मिलिलीटरमध्ये पाच-दहा हजार जंतू असतील तरच त्या सापडण्याची आशा. आता दोनेक तासांत जंतू ओळखणारी, रिफाम्पिसिन या टीबीवरच्या मुख्य औषधाला तो दाद देतो का हेही सांगणारी यंत्रं आली आहेत. पण यंत्र कितीही चांगलं असलं तरी माणूस तिथवर पोचायला हवा ना!

माणूस येण्याची वाट न पाहता आपणच गेलो तर? व्हिएतनामच्या का माऊ प्रांतात तेच केलं. खोकला आहे का हे न विचारता वस्तीतल्या प्रौढांची थुंकी तपासायची, दर वर्षी एकदा, सलग तीन वर्षं. चौथ्या वर्षी तिथलं टीबीचं प्रमाण, जिथे असं केलं नव्हतं त्या वस्त्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी होतं. खर्चीक काम आहे, मान्य. माझ्या मते तरी हाच खर्च सर्वांत आधी करायला हवा.

दुसरं कारण गरिबी, पण नुसती दाटीवाटी नव्हे. जगातल्या जवळपास एक चतुर्थांश लोकांना संसर्ग झालेला आहे, आणि त्यांतल्या ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांचं शरीर जंतूला दाबून ठेवतं. उपासमार, एचआयव्ही, मधुमेह, तंबाखू, दारू यांनी ती पकड सुटते. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना जास्तीचा शिधा देऊन पाहिला, तर त्यांच्यातला टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. हे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. बीसीजीची लस लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून वाचवते, पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीवर तिचा फारसा भरवसा नाही, आणि प्रसार होतो तो मुख्यतः यातूनच.

औषधांचं म्हणाल, तर सहा महिने लागतात कारण हा जंतू फार सावकाश वाढतो आणि काही जंतू नुसते निपचित पडून असतात. दोन महिन्यांत खोकला जातो, वजन वाढतं, आणि गोळ्या सुटतात. लोक याला रुग्णाचा हलगर्जीपणा म्हणतात. मी म्हणत नाही. गोळ्यांसाठी रोजगार बुडवावा लागत असेल किंवा केंद्रातला साठाच संपला असेल, तर दोष कुणाचा? असे अर्धवट उपचार औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला जन्म देतात, आणि तोही पुढे हवेतूनच पसरतो.

तेव्हा भांडी वेगळी करू नका, टीबी भांड्यांतून लागत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, सुरुवातीचे काही आठवडे रुग्णाला मास्क वापरू द्या, आणि घरातल्या सगळ्यांची, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांची तपासणी करून घ्या. आजार नसला तरी त्यांना प्रतिबंधक गोळ्या लागतील का, हे तिथेच विचारा. ते बहुधा आपणहून कुणी सांगत नाही.