मास्ट पेशी, मेदपेशी आणि उंदीर

ऐरोलीच्या एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. त्या रबाळ्याला औषधांच्या प्रयोगशाळेत काम करतात आणि विज्ञानदिनाला ठाण्यातल्या एका शाळेत मुलांशी मराठीतून बोलणार आहेत. त्यांनी लिहिलेलं वाक्य असं: ‘मूषकाच्या उदरातील मेदकोशिकांमधून हिस्टामीन व विकरे स्रवतात.’ हे चालेल का, आणि ‘मास्ट सेल’ला, म्हणजे ॲलर्जीत हिस्टामीन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडणाऱ्या पेशीला, मराठीत काय म्हणायचं?

ताई, आधी ‘मेदकोशिका’ खोडा. मेदपेशी म्हणजे चरबी साठवणारी पेशी. तिचा इथे काही संबंध नाही. घोटाळा कुठून आला तेही कळतं. ‘मास्ट’ हा शब्द जर्मन, अर्थ जनावराला खाऊ घालून पुष्ट करणं. पाउल एर्लिख या जर्मन संशोधकाने 1878 साली लाइपझिगच्या प्रबंधात ॲनिलीन रंग वापरून या पेशी दाखवल्या. आत कण ठासून भरलेले, म्हणून त्याला त्या पोसलेल्या वाटल्या. प्रत्यक्षात ते अन्न नव्हतंच. त्या कणांत रक्त गोठू न देणारं हेपारिन असतं, विकरं (एन्झाइम) असतात, आणि हिस्टामीनही तिथेच असतं हे रायली आणि वेस्ट या संशोधकांनी 1953च्या सुमारास दाखवून दिलं. तेव्हा ‘पुष्ट पेशी’ असा शब्द घडवलात तर एका जुन्या गैरसमजाचंच भाषांतर होईल. सरळ ‘मास्ट पेशी’ म्हणा.

‘कोशिका’ चुकीचं नाही, पण शाळेच्या पुस्तकात ‘पेशी’ आहे आणि मुलांना तेच कळेल. (हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, शिवाय कोर्टातली तारीखही. म्हणून हिंदी मजकूर समोर ठेवून लिहिणाऱ्यांचा हात ‘कोशिके’कडे जातो.)

मला खरा खटकला तो ‘मूषक’. भारदस्तपणा सोडाच, पण तो नेमका कोण? मराठीत रॅटही उंदीर आणि माउसही उंदीर. मूषक म्हटल्याने तो गुंता सुटत नाही. घूस म्हणावं तर तो प्राणीच वेगळा. इथे मात्र नेमकेपणा हवाच, कारण मास्ट पेशीतला ऐवज प्राण्यागणिक बदलतो. रॅट आणि माउसच्या मास्ट पेशींत हिस्टामीनच्या जोडीला सेरोटोनिन हे रसायनही भरपूर असतं, माणसाच्या पेशींत ते नगण्य. एकाच रॅटच्या आतड्याच्या अस्तरातल्या मास्ट पेशींमधलं कायमेज नावाचं विकर एक, तर त्वचेतल्या किंवा उदरपोकळीतल्या पेशींमधलं दुसरं. गिनीपिगला जराशा हिस्टामीनने श्वासनळ्या आवळून धाप लागते. रॅट त्याहून कितीतरी जास्त डोस पचवतो. माझा सल्ला असा की रॅटला ‘रॅट’च म्हणा, माउसला ‘उंदीर’, आणि हे सुरुवातीलाच सांगून टाका. ‘माउस’ म्हणालात तर पोरं कॉम्प्युटरकडे बघतील.

‘स्रवतात’ही बदला. लाळग्रंथी स्रवते तेव्हा डोळ्यांपुढे संथ पाझर येतो. मास्ट पेशीचं तसं नसतं. टोल्युइडीन ब्लू हा रंग घातलेली काच तुम्ही रोज बघत असाल: रंग निळा, पण कण मात्र जांभळे दिसतात. रॅटच्या उदरपोकळीतून घेतलेल्या पेशींवर कंपाउंड 48/80 हे कण सोडायला लावणारं रसायन टाकलं की बघता बघता तेच जांभळे ठिपके पेशीबाहेर विखुरतात. याला ‘सुटणं’ किंवा ‘बाहेर पडणं’ म्हणावं. ‘उदर’ऐवजी ‘उदरपोकळी’ लिहा, नाहीतर मुलं जठर समजतील. वाक्य असं होईल: ‘रॅटच्या उदरपोकळीतल्या मास्ट पेशींमधून हिस्टामीन आणि विकरं बाहेर पडतात.’

हिस्टामीनला प्रतिशब्द शोधू नका. गंमत म्हणून सांगतो, त्यातला ‘हिस्ट’ ग्रीक, मूळ अर्थ माग किंवा विणलेलं वस्त्र, त्यावरून शरीरातली ऊती (टिश्यू). आपला ‘ऊती’ शब्दही संस्कृतातल्या विणणे या अर्थाच्या धातूवरूनच आलाय.

‘विकर’ उत्तम, पाठ्यपुस्तकातला शब्द आहे. फक्त स्लाइड स्वतः वाचून घ्या. टाइप करणारे हमखास त्याचा ‘विकार’ करतात, आणि मग ट्रिप्टेज हे विकर मास्ट पेशींचा आजार होऊन बसतं.