बांध नांगरला, पण ड्रोनच्या फोटोत रेघ दिसतेय, जमीन परत मिळेल का?

दादा, तुमचं म्हणणं असं की शेजाऱ्याने दरवर्षी थोडाथोडा बांध कोरत शेवटी सपाटच केला, आता पुतण्याने ड्रोन उडवला तर त्याच्या हरभऱ्यात सात-आठ फूट आत फिकट सरळ पट्टा दिसला, आणि तो फोटो दाखवून जमीन परत मिळेल का.

नुसत्या फोटोवर नाही मिळणार. पण फोटो जपून ठेवा, तो वेगळ्या कामाला येतो.

जुन्या बांधाखालची माती दाबलेली, मुरमाड असते, ओल टिकत नाही, म्हणून तिथलं पीक आधी पिवळं पडतं आणि खाली उभं राहून जे कळत नाही ते वरून दिसतं. पण यावरून फार तर इथे कधीतरी बांध होता एवढंच म्हणता येतं, तो तुमच्या गटाच्या हद्दीचाच होता असं नाही. एकत्रीकरणाच्या, म्हणजे तुकडे जोडून गट पाडण्याच्या, आधीच्या सर्व्हे नंबरचा बांधही असाच दिसतो आणि आज ती हद्द नसते. असल्या रेघेवर भरवसा ठेवून लोक जेसीबी लावतात आणि फौजदारी अंगावर घेतात, तुम्ही कृपा करून तसं करू नका.

हद्द ठरते मोजणीने. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे अर्ज करा, टिपण (जुन्या मोजणीचा कच्चा नकाशा), गुणाकार बुक (क्षेत्राच्या हिशोबाची नोंद), गट नकाशाच्या नकला काढा, आणि शेजाऱ्याला मोजणीची नोटीस गेलीय ना ते स्वतः बघा, नाहीतर कोर्टात त्याचा वकील पहिला तोच मुद्दा काढेल.

फोटोचं खरं काम तारखेचं आहे. शेजारी म्हणणार 12 वर्षांपेक्षा जास्त उघड ताबा माझाच, मुदत कायदा 1963 चा अनुच्छेद 65 पुढे करणार, म्हणजे 12 वर्षांत दावा लावला नाही तर जमीन परत मागता येत नाही असं म्हणणार. तेव्हा ड्रोनच्या फोटोतली तीच जागा धरून गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं काढा आणि बांध शेवटचा कुठल्या वर्षी उभा दिसतो ते शोधा. त्यावर फूटपट्टी मात्र लावू नका, ती चित्रं काही मीटर सरकलेली असू शकतात आणि तुमचं भांडणच सात-आठ फुटांचं आहे. ड्रोनचं मूळ मेमरी कार्ड सांभाळा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेला फोटो नको, आणि कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट लागेल.

बांध मोडून दहा-अकरा वर्षं होत आली असतील तर मोजणीची वाट बघत बसू नका, आधी ताब्यासाठी दिवाणी दावा लावा आणि त्यातच कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसामार्फत मोजणी मागा.